कोल्हापुरात मुलाबाळांसह फुटबॉल आणि कुस्ती बघायची तर

सुट्टीत कोल्हापूरला आलेलं कुटुंब अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढं उरकून परत फिरतं. त्याच दुपारी देवळापासून रिक्षाने थोड्याच मिनिटांवर शाहू स्टेडियममध्ये दोन पेठांचे फुटबॉल संघ भिडलेले असतात, आणि कुठल्या तरी गावच्या जत्रेत कुस्त्यांसाठी हलगी कडकडत असते. हे बघायला फार खर्च लागत नाही, ओळखपाळखही लागत नाही. पण पहिल्याच वेळी चुकीचा सामना किंवा चुकीची जागा निवडली, तर मुलं कंटाळतात नाहीतर घाबरतात आणि पुन्हा यायचं नाव काढत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच एक सांगणं आहे: पहिल्यांदा येताना अंतिम सामना किंवा पेठेपेठेतली चुरशीची लढत धरू नका. फुटबॉलच्या साखळीतला साधा सामना आणि कुस्तीच्या मैदानातल्या दुपारच्या लहान मुलांच्या कुस्त्या धरा. खेळ खरा तिथे दिसतो, आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला उसंत मिळते.

हंगाम

फुटबॉलचा हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होतो आणि वळवाचे पाऊस जोर धरेपर्यंत चालतो. आधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या केएसएकडे, खेळाडूंची नोंदणी होते. मग वरिष्ठ गटाची साखळी लागते. ती संपली की तालमी, मंडळं आणि हौशी आयोजक यांच्या बाद पद्धतीच्या चषक स्पर्धा एकामागून एक सुरू होतात. जूननंतर मैदान पावसाच्या ताब्यात जातं. तेव्हा येऊन सामना शोधू नका.

कुस्तीची मैदानं, म्हणजे जाहीर कुस्त्यांचे कार्यक्रम, दिवाळीनंतर तापायला लागतात. डिसेंबरात वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीचं मोठं मैदान असतं. चैत्र-वैशाखात तर गावोगावच्या जत्रा असतात, आणि जत्रा म्हटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड आलाच. करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगले, शिरोळ, कुठल्याही तालुक्यात गेलात तरी एप्रिलमध्ये तासाभराच्या अंतरावर एखादं मैदान सापडतंच. एक सावधगिरी बाळगा: चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. त्या दोन-तीन दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि डोंगराकडचे रस्ते भरलेले असतात.

सामन्याची खात्रीची वेळ कळण्याची जागा म्हणजे त्या दिवशीच्या सकाळच्या स्थानिक दैनिकातलं क्रीडा पान. तिथे आजचे सामने छापलेले असतात. आठवड्यापूर्वी मोबाईलवर बघितलेल्या वेळापत्रकावर विसंबून राहू नका. पोलिस बंदोबस्त दुसरीकडे लागला, एखादा मोठा सण आला किंवा आदल्या सामन्यात गडबड झाली की तारखा पुढे जातात. पेपर मिळाला नाही तर पेठेतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर “आज मॅच कुणाची?” एवढंच विचारा. उत्तर तर मिळेलच, वर कोण जिंकणार तेही कळेल.

संघ म्हणजे पेठ

दुसऱ्या शहरांत संघ क्लबांचे असतात. कोल्हापुरात बहुतेक संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे आहेत. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा. पेठेतली पोरं तिथे जमत, घाम गाळत, पुढे तिथूनच फुटबॉलचे संघ उभे राहिले. त्यामुळे संघाच्या नावात “तालीम मंडळ” दिसलं तर गोंधळू नका. शिवाजी पेठेतले खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ आणि संध्यामठ, मंगळवार पेठेतले पाटाकडील तालीम आणि बालगोपाल तालीम, रविवार पेठेतला दिलबहार तालीम, बुधवार पेठेतला जुना बुधवार, याशिवाय प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, पोलिसांचा संघ ही नावं मुलांना आधीच वाचून दाखवा. पाटाकडील तालमीला सगळे पीटीएम म्हणतात, पाटीवर आणि बातमीत दोन्ही नावं दिसतात. मोठ्या तालमींचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन संघही असू शकतात, म्हणून बातमी वाचताना पुढचं अक्षर बघा. ‘ब’ संघाच्या सामन्याला ‘अ’ संघाची गर्दी नसते.

वरिष्ठ गटात सोळा संघ. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. पेठेतल्या पोरांबरोबर बाहेरच्या राज्यांतले, कधी परदेशी खेळाडूही संघात दिसतात. मुलांना हे नक्की सांगा की १७ वर्षांखालच्या २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. याच मातीवरून तिथवर वाट जाते हे ऐकलं की समोरच्या बाराव्या-तेराव्या खेळाडूकडेही मुलं वेगळ्या नजरेने बघतात. विश्वचषकाच्या वर्षी आलात तर सामना नसला तरी पेठांतून एक फेरी मारा. गल्लीच्या एका तोंडाला ब्राझील, दुसऱ्या तोंडाला अर्जेंटिना, मधे खेळाडूंचे उंच कटआउट.

सामना कोणता धरायचा

शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ अशी गाठ पडली, किंवा पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस यांच्यातले दोन संघ उपांत्य किंवा अंतिम फेरीत समोरासमोर आले, तर स्टेडियम दुपारपासून भरतं. घोषणा, फटाके, रंगीत धूर, कागदाचे तुकडे सगळं असतं. यातला जल्लोष बघण्यासारखा आहे, पण पंचाच्या एका निर्णयावर वातावरण बिघडतं, बाटल्या येतात, सामना थांबतो. हुल्लडबाजीने इथल्या चांगल्या फुटबॉलचं फार नुकसान केलं आहे. पाच-सात वर्षांच्या मुलाला अशा सामन्याला नेऊ नये. दहाच्या पुढचं मूल असेल, आधी दोन-तीन सामने बघितले असतील आणि बरोबर शहरातला कुणी जाणता माणूस असेल तर खुशाल जा.

पहिल्यांदा आलेल्यांनी साखळी फेरीतला, आठवड्याच्या मधल्या दिवसाचा सामना निवडावा. एका दिवशी बहुधा दोन सामने असतात: पहिला दुपारी, दुसरा चारच्या सुमाराला. लहान मुलं बरोबर असतील तर दुसराच धरा. दुपारच्या सामन्याला ऊन डोक्यावर असतं, मुलांचं सगळं लक्ष पाण्याच्या बाटलीकडे जातं. साखळीचा आणखी एक फायदा म्हणजे बरोबरी झाली तर तिथेच संपतं. बाद फेरीत टायब्रेकर लागला, तोही बरोबरीत सुटून सडन डेथवर गेला, तर घरी जायची वेळ हातात राहत नाही.

स्टेडियमवरची दुपार

तिकीट दारावर मिळतं आणि स्वस्त असतं. दहा-वीस-पन्नासच्या सुट्या नोटा ठेवा. फोनने पैसे द्यायचे म्हटलं तर गर्दीत नेटवर्क हमखास दगा देतं. बायका-मुलांना कुठल्या दाराने सोडतात ते रांगेत उभं राहण्याआधी पोलिसांना किंवा स्वयंसेवकांना विचारा. चुकीच्या रांगेत अर्धा तास घालवून पुन्हा फिरावं लागलं की पहिला गोल बाहेरच ऐकू येतो.

आत गेल्यावर जागा घाईने पकडू नका. आधी एक नजर फिरवा. ढोल-ताशे, झेंडे आणि उभ्याने ओरडणारी पोरं ज्या भागात एकवटली आहेत तो त्या संघाचा भाग. त्याच्या आत किंवा लगेच पुढे बसू नका, कारण गोल झाला की मागून लोंढा पुढे येतो. मध्यरेषेच्या आसपास, निम्म्याच्या थोडं वर अशी जागा बघा. वरून संघाची मांडणी दिसते, खाली जाळीशी बसलं की फक्त पाय दिसतात. शक्य असेल तर पश्चिमेच्या बाजूला बसा, म्हणजे चारच्या सामन्यात सूर्य पाठीशी राहतो. समोरून ऊन आलं की उंच उडालेला चेंडू दिसतच नाही, आणि तासभर डोळे बारीक करून मुलांचं डोकं दुखायला लागतं.

पायऱ्या तापलेल्या असतात. जुना पेपर पुरत नाही, घडी घातलेली चादर किंवा जाड टॉवेल न्या. माणशी एक लिटर पाणी, तेही पिशवीत मावणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या बाटलीत. काचेची किंवा स्टीलची बाटली दारावर काढून घेतात आणि ती परत मिळेलच असं नाही. टोपी लागतेच. कपड्यांची एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: दोन्ही संघांच्या जर्सीचा रंग आदल्या दिवशीच्या फोटोत बघून घ्या आणि तो अंगावर घालू नका. पांढरा किंवा खाकी शर्ट सगळ्यात बरा.

मुलांना काय बघायला सांगायचं? चेंडूच्या मागे धावणारे डोळे दहा मिनिटांत थकतात. एका मुलाला गोलरक्षक वाटून द्या, दुसऱ्याला एखादा बचावपटू. “तुझा माणूस चेंडू नसताना काय करतो ते सांग” म्हणा. कोल्हापूरच्या मैदानावर चेंडू सरळ येत नाही, उसळतो, आणि इथले चांगले खेळाडू तो पायाखाली थोपवण्याऐवजी पहिल्याच स्पर्शात पुढे ढकलतात. हे एकदा दाखवलं की मुलं ते शोधायला लागतात. शेजारी बसलेल्या आजोबांना एखादा प्रश्न विचारा. चाळीस-पन्नास वर्षं न चुकता सामने बघणारी माणसं या पायऱ्यांवर आहेत, आणि त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही. ओरडून सांगतील, पण मनापासून सांगतील.

निघायची वेळ आधीच ठरवा. एका गोलाने आघाडी असेल आणि मैदानावर धक्काबुक्की सुरू झाली असेल तर शेवटच्या पाच मिनिटांआधी उठा. नाहीतर शेवटची शिट्टी झाल्यावर पंधरा मिनिटं जागेवरच बसा. दारातली पहिली गर्दी ओसरू द्या. मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि “हरवलास तर या दाराशी” असं आत शिरतानाच एक दार दाखवून ठेवा.

कुस्ती: आधी पत्रक वाचा

चौकातल्या फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारं मैदानाचं पत्रक ही कुस्ती बघायला जाणाऱ्याची खरी किल्ली. वर “निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान” असं ठळक लिहिलेलं असतं, खाली गाव, देव आणि तारीख. मग फोटोंच्या जोड्या: क्रमांक एकची कुस्ती, क्रमांक दोनची, तीनची. प्रत्येक फोटोखाली पैलवानाचं नाव, त्याची तालीम, कधी वस्तादांचं, म्हणजे गुरूंचं नाव, आणि मधे इनामाची रक्कम. या जोड्या आधी नेमलेल्या असतात. त्यांच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते महत्त्वाचं: कुस्त्या किती वाजता सुरू होणार, मैदानात जोड कधी लावणार, पंचांचा निर्णय अंतिम, जोडीत बदल करण्याचा हक्क कमिटीचा.

या शेवटच्या ओळीचा अर्थ असा की फोटो बघून गेलात तरी तोच पैलवान दिसेलच असं नाही. कुणाचा खांदा दुखावतो, कुणी दुसऱ्या मैदानातून उशिरा निघतो. एकाच नावासाठी पन्नास किलोमीटर गाडी हाणू नका. पाच-सहा चांगल्या जोड्या असलेलं मैदान निवडा.

पत्रकावर “दुपारी तीन” लिहिलं असेल तर तीनला पोचलात तरी चालेल, कारण सुरुवातीला अगदी लहान पोरांच्या कुस्त्या होतात. एकेकाळी या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर होत. घरच्या मुलांसाठी मैदानातला सगळ्यात सुंदर भाग हाच. आठ-नऊ वर्षांचा पैलवान लंगोट कसून उतरतो, समोरच्याला चितपट करतो आणि लाजत-लाजत हौद्याभोवती, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याभोवती फिरतो. कडेला बसलेले लोक त्याच्या हातात दहाची, वीसची नोट ठेवतात. अशा सुट्या नोटा मुलांच्याच हातात द्या आणि त्यांना त्या देऊ द्या. नोट फेकू नका, मातीत टाकू नका, हातात द्या.

एक नंबरची कुस्ती मात्र रात्री लागते. आठ म्हणता नऊ-दहा होतात. मधे पाहुण्यांचे सत्कार, फेटे, नारळ चालतात. छोटी मुलं असतील तर सहा-साडेसहापर्यंत बघून निघणं उत्तम. तेवढ्यात पंचवीस-तीस कुस्त्या बघून होतात.

खासबाग

शहरातच मैदान असेल तर ते बहुधा राजर्षी शाहू खासबाग मैदानात. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते, तिथे रोमचं जुनं प्रेक्षागार बघून त्यांच्या मनात हे मैदान आलं आणि १९१२ साली ते उभं राहिलं. मधे मातीचा हौदा आणि सभोवती गोलाकार चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, समोरच्याचं डोकं आड येत नाही. कुस्ती नसेल तेव्हाही मुलांना आत नेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसवा आणि एकाला हौद्याशी उभं करा. किती स्पष्ट दिसतं ते त्यांनाच कळेल. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या आगीत ते जळालं, त्याचा चटका गावाला अजून आहे.

गावच्या मैदानात अशी बांधीव बैठक नसते. शेतात नाहीतर ओढ्याकाठी खळगा करून हौदा भरलेला, भोवती माणसं जमिनीवर. इथे पहिल्या रांगेचा मोह टाळा. पैलवान कडेला आले की अंगावर पडतात, आणि माती इतकी उडते की दम्याचा त्रास असलेल्याला दहा मिनिटंही बसवत नाही. आठव्या-दहाव्या रांगेत, जिथे जमीन थोडी चढते, तिथे सतरंजी टाका. वाऱ्याची दिशा बघून ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला बसा. हलगी आणि घुमकं वाजवणारे एका कडेला असतात, तान्हं मूल असेल तर त्यांच्यापासून लांब. मैदानात बायका कमी दिसतात, पण जायला काही अडचण नाही. आता मुलींच्या कुस्त्याही लागतात आणि २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. अडचण आहे ती स्वच्छतागृहाची. गावात शिरण्याआधी हमरस्त्यावरच्या हॉटेलात थांबून घ्या.

कुस्ती कळायची कशी

हौद्यात उतरताना पैलवान आधी मातीला हात लावून कपाळाला लावतो. मग शड्डू ठोकतो: मांडीवर किंवा दंडावर उघड्या पंजाचा असा आवाज की शेवटच्या रांगेत ऐकू जावा. पंच दोघांचे हात मिळवतात आणि दोघेही चिमूट-मूठ माती उचलून एकमेकांच्या हाता-खांद्याला चोळतात. मुलं हमखास विचारतात, हे कशाला? घामाने अंग निसरडं होतं आणि पकड सुटते. माती लावली की पकड बसते. स्वतःच्या अंगाला लावण्याबरोबरच समोरच्यालाही लावतात, म्हणजे कुणाला अन्याय नको.

ही माती रानातली जशीच्या तशी नसते. लाल माती बारीक चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव मिसळतात. ताक आणि तेलाने ती मऊ राहते, हळद खरचटल्याला बरी. रोजच्या सरावाआधी पोरं फावड्याने हौदा खणून माती भुसभुशीत करतात. आपटल्यावर हाडं वाचतात ती या खणण्यामुळे, आणि खणणाऱ्याचा व्यायाम होतो तो वेगळा.

पहिली काही मिनिटं खडाखडी चालते. मानेवर हात, मनगट झटकणं, डोक्याला डोकं लावून ढकलणं. नवख्याला वाटतं काहीच होत नाही. खरं तर दोघंही एकमेकांचा तोल आणि दम चाचपत असतात. या वेळी पायांकडे बघा. ज्याचा पुढचा पाय जड पडला, त्याच्यावर पट, म्हणजे पाय काढायचा डाव, येणार.

नवख्याची सगळ्यात मोठी चूक इथेच होते: पैलवान खाली गेला की तो हरला असं वाटतं. नाही. पोटावर पडला, गुडघ्यावर बसला, तोंड मातीत गेलं, तरी कुस्ती चालूच असते. वर बसलेल्याने फक्त कब्जा घेतलेला असतो. दोन्ही खांदे मातीला लागले, पाठ टेकली, आभाळ दिसलं, की चितपट. तोच निकाल. मातीवरच्या मैदानात गुणफलक नसतो, म्हणून लोकांचे डोळे खांद्यांवर खिळलेले असतात.

चार डाव ओळखता आले तरी संध्याकाळ सार्थकी लागते. एकेरी पट म्हणजे झेपावून एक पाय काढणं, दुहेरी पट म्हणजे दोन्ही. धोबीपछाडीत समोरच्याचा हात खांद्यावर घेऊन, कंबर घालून, धोबी कपडा आपटतो तसं त्याला पुढे आपटतात. ढाक लागली की हात कोंडून, पाय मधे घालून त्याला असं भिरकावतात की पाठच आधी टेकते, आणि सगळं मैदान उठून उभं राहतं. घिस्सा खालच्या पैलवानावर लावतात: मानेवर गुडघ्याचा दाब, हाताने लांगेची, म्हणजे लंगोटाची पकड, आणि डोक्यावरून उलटा. घिस्सा हळूहळू बसतो, त्यामुळे मुलांना तो सगळ्यात नीट दिसतो. डाव बसायला लागला की हलगीची लय चढते. नजर दुसरीकडे असली तरी कानाला कळतं.

ठरलेल्या वेळेत निकाल लागला नाही तर पंच गुणांवर कुस्ती खेळवतात किंवा बरोबरीत सोडवतात. सोडवलेली कुस्ती लोकांना रुचत नाही, हुर्यो उडते. मुलांना सांगा की दोघंही तोडीचे असले की असंही होतं.

महाराष्ट्र केसरीसारख्या स्पर्धेत गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या कुस्त्याही असतात, तिथे गणित वेगळं. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद विश्रांती. रिंगणाबाहेर ढकललं की एक गुण, मागे जाऊन खाली घेतलं की दोन, मोठ्या फेकीला चार, आणि दहा गुणांची आघाडी झाली की तिथेच संपलं. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात शेवटची लढत होते, आणि जिंकणाऱ्याला चांदीची गदा.

तालीम बघायची असेल तर

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या नावाजलेल्या तालमी. सराव पहाटे आणि दुपारी चारनंतर चालतो. पहाटे मुलांना उठवणं अवघड, म्हणून संध्याकाळी जा. दारातच थांबा, वस्तादांना नमस्कार करा आणि “बघायला आलोय, पोरांना दाखवायचंय, चालेल का?” असं विचारा. चपला बाहेर. हौद्याच्या कडेवरही पाय देऊ नका, ती मारुतीची जागा मानतात. फोटो विचारल्याशिवाय नाही. पोरं लंगोटावर असतात, म्हणून काही तालमींत बायकांनी आत येऊ नये असं मानतात. तसं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका, मैदानात सगळ्यांना मोकळीक असते. वीस मिनिटं पुरेत. जोर-बैठका मोजत बसा, मुलांना तोच खेळ होतो.

एखाद्या कोपऱ्यात धाकटे पैलवान मोठ्या कुंडीत थंडाई घोटताना दिसतील: भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी, वेलदोडा. वरून दूध. दिली तर घ्या, मागू नका. ती त्यांच्या खुराकाची असते आणि मोजून केलेली असते.

गंगावेशचा दूध कट्टा मात्र सगळ्यांसाठी आहे. संध्याकाळी म्हशी तिथेच आणून पिळतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. बघायला मुलांना जरूर न्या. पण दूध कच्चं असतं. लहान मुलांना, गरोदर बाईला आणि पोट नाजूक असलेल्यांना ते देऊ नका. त्यांच्यासाठी खासबागेची भेळ आहे, तिखट बेताचं सांगून.

परतीची गाडी धरूनच सामना ठरवा. मुंबईची महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री नवाच्या आत सुटते, त्या दिवशीची वेळ बघून घ्या. चारचा साखळी सामना सहाच्या सुमाराला संपतो, भेळ खाऊन आरामात स्टेशन गाठता येतं. बाद फेरीचा सामना असेल तर सामान आधीच बरोबर ठेवू नका, दारावर पिशव्या अडवतात. ते हॉटेलातच ठेवा आणि हॉटेल स्टेशन रोडला घ्या. गावच्या मैदानातली एक नंबरची कुस्ती बघायची असेल तर त्या रात्रीचं तिकीट काढूच नका, मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघा.